सह्याद्रीतील घाटरस्ते आणि सायकलिंग

कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या घाटरस्त्यांवर, तसेच घाटमाथ्यावरील व मावळपट्ट्यातील चढउतारांच्या ग्रामीण रस्त्यांवर रोड सायकलने केलेला प्रवास, सराव आणि शर्यती यांचा या नोंदीत विचार केला आहे. सायकलस्वारांच्या बोलीत याला सरळ ‘घाट मारणे’ म्हणतात. पुणे, मुंबई, नाशिक, सातारा, कोल्हापूर या शहरांतून पहाटे निघून दुपारच्या जेवणाला घरी पोहोचता येईल इतक्या अंतरावर कुठला ना कुठला घाट आहे. महाराष्ट्रात हा छंद रुजण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

सह्याद्रीची रचना दोन्ही अंगांनी सारखी नाही. बसाल्टच्या थरांनी बनलेले हे पठार पश्चिमेला कड्यांच्या रूपाने एकदम तुटते आणि पूर्वेला हळूहळू उतरत जाते. त्यामुळे एकच घाट दोन दिशांनी दोन वेगळे अनुभव देतो. पुण्याहून ताम्हिणीला जाताना मुळशी धरणाच्या काठाने लहान लहान चढ लागतात. खरा घाट सुरू होतो तो उतारानेच. माणगावकडून येणाऱ्याला मात्र समुद्रसपाटीजवळून थेट घाटमाथा गाठावा लागतो. म्हणून ‘ताम्हिणी केला’ असे कोणी सांगितले, की जाणकार आधी कुठल्या बाजूने ते विचारतात.

रस्ता किती तीव्र चढायचा हे डोंगराइतकेच तो कोणासाठी आखला यावरही ठरते. सह्याद्रीत शेकडो जुन्या घाटवाटा आहेत, पण सातवाहनकालीन नाणेघाटासारख्या बहुतेक वाटा पायी माणसे आणि लमाणांचे बैल यांच्यासाठी होत्या. त्या आजही पायीच चढाव्या लागतात. सायकलला उपयोगी पडतात ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकात चाकाच्या वाहनांसाठी बांधलेले घाट. बोरघाटाचा गाडीरस्ता 1830 मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. पुढे इतर घाटही तयार झाले. भरलेली बैलगाडी ओढता यावी म्हणून चढ बेताचा ठेवायचा आणि त्यासाठी वळणे वाढवायची, हे त्यांच्या आखणीचे सूत्र. त्याचा लाभ आज सायकलस्वाराला मिळतो. जुने घाट लांब असतात, पण बहुतेक ठिकाणी सुसह्य असतात. याउलट पुढे मोटारी डोळ्यांसमोर ठेवून गडांवर नेलेले रस्ते दमछाक करतात. सिंहगडचा रस्ता जेमतेम 9 किलोमीटरचा, पण त्यात साडेपाचशे-सहाशे मीटर उंची चढावी लागते आणि काही वळणांवर पुढचे चाक उचलल्यासारखे वाटते. पुण्यातल्या सायकलस्वारांची पहिली मोठी कसोटी तोच.

पसरणी घाट हा जुन्या आखणीचा उत्तम नमुना. वाई सुमारे 700 मीटर उंचीवर आणि पाचगणी सुमारे 1,300 मीटरवर. मधले अंतर साधारण 12 किलोमीटर. म्हणजे सरासरी चढ 5 टक्के: शंभर मीटर पुढे गेले की पाच मीटर वर. सायकलसह 80 किलो वजनाच्या माणसाने हा चढ ताशी 12 किलोमीटरने चढायचा ठरवला, तर पायांना सुमारे 150 वॅट शक्ती लावावी लागते. तीच शक्ती सपाटीवर 25 किलोमीटरहून अधिक वेग देते. सपाटीवर बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, तर घाटात जवळजवळ सगळी वजन वर उचलण्यात. म्हणूनच शर्यतीत घाट आला की सडपातळ चढाईपटू पुढे सरकतात आणि सपाटीचे धिप्पाड वेगवान गडी मागे पडतात. चढताना डाव्या-उजव्या बाजूला आलटून पालटून कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचा जलाशय दिसत राहतो. मान वर करून पाहण्याएवढा दम उरला असेल तर.

गिअर निवडताना अहंकार बाजूला ठेवावा लागतो. पुढे 50 व 34 दातांची चक्रे आणि मागे सर्वांत मोठे 32 किंवा 34 दातांचे चक्र असलेली जोडणी सह्याद्रीतल्या बहुतेक घाटांना पुरते. जड गिअरवर उभे राहून पायडल रेटणाऱ्यांच्या पायांना अर्ध्या घाटात गोळे येतात. हलक्या गिअरवर, बसून, मिनिटाला 70 ते 80 फेऱ्यांच्या लयीत पाय फिरवणारे कंटाळवाणे दिसतात, पण वर तेच पोहोचतात. गिअर नसलेल्या साध्या सायकलीवरून दूध आणि चारा घेऊन हेच चढ चढणारी माणसे गावोगावी होती, हेही विसरता येत नाही. अर्थात तीव्र वळणावर खाली उतरून सायकल हाती धरून चालण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

लांब पल्ल्याच्या मार्गांत महाड–पोलादपूर–महाबळेश्वर–वाई–भोर–महाड हे वर्तुळ विशेष उल्लेखनीय आहे. सुमारे 200 किलोमीटरच्या या फेरीत सह्याद्रीची धार दोनदा ओलांडावी लागते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरपर्यंत जवळपास 40 किलोमीटर चढण आहे. ती सावित्रीच्या खोऱ्यातून सुरू होते आणि प्रतापगडाच्या फाट्यावरून पुढे घनदाट जंगलात शिरते. सरासरी काढली तर चढ तीन टक्क्यांच्या आसपासच भरतो. थकवतो तो त्याचा लांबलचकपणा. पसरणीने वाईला उतरले की मांढरदेवीचा घाट आडवा येतो. तो लांबीने लहान पण आंबेनळीपेक्षा बराच तिखट, आणि या फेरीतले अनेक बेत तिथेच फसतात. भोरहून पुढे नीरा-देवघर धरणाच्या काठाने रस्ता वरंध घाटाच्या माथ्यावर जातो. तिथे वाघजाई देवीच्या देवळाजवळ भजी-चहाच्या टपऱ्या आहेत. माकडांपासून भजी सांभाळून खावीत. मग थेट कोकणात उतार.

पुण्याजवळचा बोपदेव आणि दिवे घाट ही रोजच्या सरावाची जोडी. सासवडला एकाने जायचे आणि दुसऱ्याने परतायचे. दिवे घाटातूनच ज्ञानेश्वर माउलींची पालखी सासवडकडे जाते, त्यामुळे आषाढवारीच्या दिवसांत हा रस्ता सायकलसाठी सोडून द्यावा. बोरघाटाच्या पायथ्याला खोपोली आहे. द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई असल्याने जुन्या रस्त्याने शिंगरोबाच्या देवळावरून चढावे लागते. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर म्हणजे हा शिंगरोबा, अशी आख्यायिका आहे. वाहनचालक अजून तिथे नाणे टाकतात. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत या घाटावर सर्वांत आधी पोहोचणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो, आणि प्रेक्षकांत त्याचे कौतुक शर्यत जिंकणाऱ्याइतकेच होते. दक्षिणेकडे आंबा, गगनबावडा, आंबोली आणि गोव्यात उतरणारा चोर्ला हे घाट वाहतूक कमी आणि झाडी जास्त या दोन्ही कारणांनी अधिक सुखाचे.

घाट नसलेले कोकणही सपाट नाही, हे नवख्याला उशिरा कळते. किनाऱ्याने रायगडातून सिंधुदुर्गाकडे जाताना प्रत्येक खाडीनंतर रस्ता जांभ्याच्या सड्यावर चढतो आणि पुढच्या गावाला पुन्हा समुद्रापर्यंत उतरतो. एकेक चढ शंभर-दीडशे मीटरचाच, पण दिवसातून दहा वेळा. दिवसअखेर चढाईची बेरीज एखाद्या मोठ्या घाटाएवढी भरते. वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा फेरीबोटींमुळे मोठे वळसे वाचतात आणि पायांना सक्तीची विश्रांती मिळते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा वाहतो. त्यामुळे मुंबईहून गोव्याकडे जाणे उलट दिशेपेक्षा सोपे जाते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. याच काळात देशावर ऊसतोडणीचा हंगाम असतो. दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात, अनेकदा मागच्या दिव्याविना चालतात. सातारा-कोल्हापूर भागात पहाटे निघणाऱ्यांना खरी भीती त्यांचीच. पावसाळ्यात घाट सर्वांत देखणे आणि सर्वांत धोकादायक असतात. दरडी, धुके, कडेचे शेवाळ आणि पाण्याखाली लपलेले खड्डे एकाच वेळी समोर येतात. वरंध घाट तर पावसाळ्यात प्रशासनाकडून वरचेवर बंद ठेवला जातो. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत आंबेनळीही दरडींनी बंद पडला होता.

अपघात मात्र चढताना क्वचित, उतरताना अधिक होतात. ब्रेक सतत दाबून ठेवला की रिम तापते, ट्यूब फुटण्याचा धोका वाढतो. वळणाआधी जोरात आणि थोडा वेळ ब्रेक लावून वळणात सोडून देणे ही सुरक्षित रीत. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी असा नियम आहे आणि तशा पाट्याही आहेत. सायकलस्वाराने त्या पाट्यांवर फार विसंबू नये.

संघटित स्वरूपात या रस्त्यांवर सर्वाधिक रुळले ते ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या. यात क्रमांक नसतो, ठरलेल्या वेळेत अंतर संपवायचे असते: 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40. एकाच हंगामात चारही पूर्ण करणारा ‘सुपर रँडोनिअर’ ठरतो. सुमारे 643 किलोमीटरची पुणे–गोवा ‘डेक्कन क्लिफहँगर’ ही शर्यत पसरणी घाटातून जाते आणि अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ची पात्रता फेरी मानली जाते. त्या अमेरिकी शर्यतीत नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी 2015 मध्ये दोघांच्या संघातून, तर नाशिकचेच श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी 2017 मध्ये एकट्याने अंतर पूर्ण केले. जानेवारी 2026 मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही 437 किलोमीटरची बहुटप्पी आंतरराष्ट्रीय शर्यत पुणे जिल्ह्यात झाली. तिच्यासाठी मुळशी, मावळ, पुरंदर या भागांतील अनेक ग्रामीण रस्त्यांचे नव्याने डांबरीकरण करण्यात आले.