न दिसणारी आकडी : अतिदक्षता विभागातल्या मुलांच्या मेंदूवर पहारा कसा सुरू झाला

मुलाला आकडी आली की काय दिसतं, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. डोळे फिरतात, दातखिळी बसते, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागतात. मग कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल हुंगवतं. (दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. मुलाला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, घड्याळ बघावं आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर वाट न बघता दवाखाना गाठावा.) पण व्हेंटिलेटरवर असलेल्या, आधीच बेशुद्ध असलेल्या मुलाला आकडी येते तेव्हा अनेकदा यातलं काहीच घडत नाही. मूल शांत पडलेलं असतं. नाडी एकदम चढते, रक्तदाब वाढतो, ओठाचा कोपरा जरासा उडतो आणि थांबतो. कधी तेवढंही नाही. आत मेंदूत मात्र आकडी अर्धा-अर्धा तास चालू असते. आज मोठ्या रुग्णालयांत अशा मुलांच्या डोक्याला दिवसभर तारा लावून ठेवतात, त्याचं कारण हे आहे.

सुरुवात जर्मनीतल्या येना शहरात झाली. हान्स बर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने 1924 मध्ये कवटीची शस्त्रक्रिया झालेल्या 17 वर्षांच्या एका मुलाच्या डोक्यावरून मेंदूच्या विद्युतलहरी टिपल्या. या लहरींची नोंद म्हणजेच ईईजी. पुढे स्वतःच्या मुलावर, क्लाउसवर, त्यांनी पुष्कळ नोंदी घेतल्या आणि 1929 मध्ये आपलं काम छापलं. काही वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग 1935 मध्ये बॉस्टनला गिब्स, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी एक गोष्ट दाखवली. काही मुलं बोलता बोलता मध्येच थबकतात, काही सेकंद शून्यात बघतात आणि पुन्हा बोलू लागतात. त्या काही सेकंदांत ईईजीच्या कागदावर सेकंदाला तीन या ठेक्याने टोकदार लहरी उमटत होत्या. अंगाला झटके नसतानाही आकडी असू शकते, याचा हा लेखी पुरावा होता. अत्यवस्थ मुलांना मात्र तो लागू करायला आणखी काही दशकं गेली.

तोवर अत्यवस्थ मुलांचं जगच बदललं. 1952 मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वास कोंडलेल्या 12 वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून फुगा दाबत तिला जगवलं. पाठोपाठ शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि हाताने फुगे दाबत राहिले. अतिदक्षता विभागाची कल्पना यातून आली. खास मुलांसाठीचा असा विभाग 1955 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये निघाला, अमेरिकेतला पहिला 1967 मध्ये फिलाडेल्फियात. व्हेंटिलेटरबरोबर गुंगीची औषधं आली आणि स्नायू सैल करणारी इंजेक्शनंही आली. श्वास वाचला, पण आकडी ओळखायची जी एकमेव खूण डॉक्टर-नर्सच्या हाती होती, ती त्याच औषधांनी पुसून टाकली.

झटके थांबले म्हणजे धोका टळला, असं तेव्हा समजणं स्वाभाविक होतं. 1973 मध्ये ब्रायन मेल्ड्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांवर केलेल्या प्रयोगांनी ती समजूत मोडली. माकडांचे स्नायू औषधाने पूर्ण सैल केले होते, श्वास यंत्रावर होता, ऑक्सिजन नीट मिळत होता. तरीही तासन्‌तास चाललेल्या आकडीने मेंदूतल्या पेशी मेल्या. झटके येणाऱ्या माकडांपेक्षा नुकसान कमी होतं, पण होतं. या विषयाच्या इतिहासात हा प्रयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण पुढची सारी धडपड इथून सुरू होते.

मुलांतला पुरावा नवजात बाळांपासून गोळा होत गेला. ह्यूस्टनला मिझ्राही आणि केलावे यांनी बाळांच्या खाटेशेजारी ईईजी आणि व्हिडिओ एकत्र चालवून 1987 मध्ये निष्कर्ष मांडले. बाळ सायकल चालवल्यासारखे पाय हलवतं, चोखल्यासारखं तोंड करतं, त्याला डॉक्टर सर्रास आकडी म्हणत; त्यातल्या बऱ्याच हालचालींच्या वेळी मेंदूच्या लहरींत आकडीचा मागमूस नव्हता. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होत होती. आकडी नसलेल्या बाळाला गुंगीची औषधं मिळत होती आणि असलेल्याला मिळत नव्हती. बॉस्टनमध्ये हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या तान्ह्या बाळांच्या अभ्यासात, 1993 मध्ये, नुसत्या नजरेला सुमारे 6 टक्के बाळांत आकडी दिसली. सतत ईईजी लावल्यावर ती सुमारे 20 टक्क्यांत सापडली.

सतत ईईजी म्हणजे काय काम असतं, हे जवळून बघण्यासारखं आहे. तंत्रज्ञ टेपने मुलाचं डोकं मोजतो, खुणा करतो, त्या जागची त्वचा हलकेच घासून साफ करतो, पेस्ट भरून वीसेक इलेक्ट्रोड एकेक करून चिकटवतो आणि वरून पट्टी गुंडाळतो. घाम आला, डोकं उशीवर फिरवलं की एखादी तार सुटते. मग पुन्हा चिकटवा. शिवाय चोवीस तासांच्या लहरी वाचायला जाणकार माणूस हवा. म्हणून लंडनमध्ये मेनार्ड आणि प्रायर यांनी 1960 च्या दशकात मोठ्या माणसांसाठी बनवलेलं एक साधं यंत्र नवजात विभागांत फार उपयोगी पडलं. त्यात दोन-चार इलेक्ट्रोड पुरतात, आणि तासाभराच्या लहरी दाबून जेमतेम सहा सेंटिमीटरच्या पट्टीत बसवल्या जातात. आकडी आली की त्या पट्ट्याची खालची कड कमानीसारखी वर उचलली जाते. रात्रपाळीची नर्सही ती ओळखायला शिकू शकते. छोट्या किंवा एका कोपऱ्यातल्या आकड्या त्यातून निसटतात, हा तोटा आहेच.

संगणकावरचं ईईजी आल्यावर मोठ्या मुलांचीही आकडेवारी पुढे आली. अमेरिका आणि कॅनडातल्या 11 रुग्णालयांनी अतिदक्षता विभागात ईईजी लावलेल्या 550 मुलांची माहिती 2013 मध्ये प्रसिद्ध केली. 30 टक्के मुलांत आकडी सापडली, आणि त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या अधिक मुलांत ती फक्त ईईजीवर होती, अंगावर काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी टोरांटोच्या गटाने दाखवलं की कुठल्याही एका तासात 12 मिनिटांहून अधिक वेळ आकडीत गेला, तर मुलाची मेंदूची स्थिती खालावण्याची शक्यता वाढते. 2015 मध्ये अमेरिकेतल्या ईईजी तज्ज्ञांच्या संघटनेने जोखमीच्या रुग्णांना निदान 24 तास ईईजी लावण्याची शिफारस केली. तरी एक प्रश्न उरतोच: आकडीने मेंदू बिघडतो, की जास्त बिघडलेल्या मेंदूला जास्त आकडी येते? बहुधा दोन्ही. म्हणून ईईजीवरची प्रत्येक रेघ औषधांनी दाबून टाकण्याचा हट्ट धरणं मला पटत नाही. त्या औषधांनी रक्तदाब कोसळतो आणि व्हेंटिलेटरचे दिवस वाढतात.

औषधांच्या बाजूने या काळात बदललं ते मुख्यतः घड्याळ. फेनोबार्बिटाल 1912 पासून, फेनिटॉइन 1938 पासून, शिरेतून डायझेपाम 1960 च्या दशकापासून. 30 मिनिटं चालली तर ती न थांबणारी आकडी, अशी जुनी व्याख्या होती. 1999 मध्ये लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ती 5 मिनिटांवर आणण्याचा आग्रह धरला. कारण पेशींच्या पातळीवरचं आहे. डायझेपाम, मिडाझोलाम, लोराझेपाम पेशीवरच्या ज्या ग्राहींना (औषध जिथे चिकटतं त्या जागांना) धरून काम करतात, ते आकडी लांबत गेली की पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात. तेच औषध, तोच डोस, पण उशिरा दिला की लागू पडत नाही. ही पहिली औषधं लागू पडली नाहीत तर पुढे लेव्हेटिरासेटाम, फॉस्फेनिटॉइन की व्हॅल्प्रोएट, हा वाद 2019 च्या एका मोठ्या चाचणीने मिटवला. तिन्ही सारखीच, प्रत्येकाने जवळपास निम्म्यांची आकडी थांबवली. नवजात बाळांत मात्र 2020 मध्ये जुनंच औषध जिंकलं: फेनोबार्बिटालने 80 टक्के बाळांची आकडी 24 तास थांबली, लेव्हेटिरासेटामने 28 टक्के.

आणि किलिफी विसरता येत नाही. केनियातल्या या गावी मेंदूच्या मलेरियाने बेशुद्ध झालेल्या 340 मुलांवर एक चाचणी झाली, 2000 मध्ये छापून आली. निम्म्यांना आकडी येऊ नये म्हणून फेनोबार्बिटालचा एक मोठा डोस आधीच दिला. आकड्या निम्म्याहून कमी झाल्या. मृत्यू मात्र दुपटीहून वाढले, 8 टक्क्यांवरून 18 टक्के. श्वास मंदावला तर सावरायला व्हेंटिलेटर नव्हते. आकडी थांबवणं आणि श्वास सांभाळणं ही कामं वेगळी काढता येत नाहीत.

हे आपल्या फार जवळचं आहे. 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यातल्या तापाच्या रुग्णांत पुण्याच्या विषाणू संस्थेला जो विषाणू सापडला, त्याने 2003 मध्ये आंध्र प्रदेशात 329 मुलांना गाठलं आणि 183 मुलं दगावली. ताप, उलट्या, आकडी, बेशुद्धी, आणि बऱ्याच वेळा दोन दिवसांच्या आत मृत्यू. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या 2014 च्या मेंदूज्वरासारख्या आजाराच्या साथीत रक्तातली साखर तपासलेल्या आजारी मुलांपैकी 62 टक्क्यांची साखर 70 किंवा त्याहून खाली होती; तिथे ग्लुकोज हेच पहिलं औषध होतं. आकडी आलेल्या प्रत्येक मुलाची साखर पहिल्या मिनिटात बोटातून तपासावी, हा नियम तेव्हापासून आपल्या डॉक्टरांच्या अंगवळणी पडायला हवा होता. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत, शीर मिळत नसेल तर मिडाझोलाम नाकातून, गालात किंवा स्नायूत द्यायला सांगितलं आहे. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे जमतं.

ईईजीचं तसं नाही. आपल्याकडे सतत ईईजीची सोय मुख्यतः मोठ्या शहरांत आहे, आणि आकडी असलेली बरीच मुलं आधी जिल्हा रुग्णालयात पोचतात. तिथल्या नवजात विभागांत वॉर्मर आहेत, मॉनिटर आहेत. त्यांच्या शेजारी दोन-चार इलेक्ट्रोडचं एक यंत्र आणि त्याची पट्टी वाचायला शिकवलेल्या दोन-तीन नर्स, एवढी सोय आधी व्हायला हवी. शंका आली तर त्या लहरी शहरातल्या तज्ज्ञाला पाठवता येतात.