सीडीपुढं टेप डेक फिका का पडायचा: लेव्हल मॅचिंगची (दोन मशीनच्या आवाजाची पातळी सारखी करण्याची) पार्श्वभूमी

कोल्हापुरात जुने डेक, टर्नटेबल, सीडी प्लेअर जमवणारी मंडळी कमी नाहीत, आणि रविवारी राजारामपुरीत कुणाच्या तरी माडीवर बसून दोन मशीनची झुंज लावणं हा आवडता उद्योग. अ‍ॅम्पच्या नॉबला कुणी हात लावायचा नाही, फक्त सिलेक्टर (कुठलं मशीन वाजेल ते निवडणारं बटण) फिरवायचा, म्हणजे तुलना एकदम सरळ झाली असं सगळ्यांना वाटतं. गडबड तिथंच होते.

कारण सगळे सोर्स, म्हणजे ही वाजवायची मशीन, सारखं व्होल्टेज देतच नाहीत, आणि व्होल्टेज जास्त तर आवाज मोठा. १९८२ ला सीडी प्लेअर आले, त्यांचं आउटपुट साधारण २ व्होल्टवर ठरून गेलं, तर टेप डेक आणि ट्यूनर अर्ध्या व्होल्टच्या आसपास. कागदावर हा १२ डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) फरक. आता सीडीचे २ व्होल्ट कमाल पातळीचे असतात, त्यामुळं गाण्यात एवढा फरक पडत नाही, पण नॉब तोच ठेवला तर सीडी वरचढ वाजायचीच. त्या काळात सीडी ऐकून डेक विकायला काढलेल्यांनी नेमकं काय ऐकलं देव जाणे.

बरं, आवाज थोडा वाढला की बिघडतं काय? १९३२ ला प्रभातनं इथंच कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' बोलता केला, त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेत बेल लॅब्सच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी कानाचे आलेख छापले. आवाज कमी असला की कानाला बेस फारच कमी ऐकू येतो, वाढवला की भरतो. जुन्या अ‍ॅम्पवरचं लाउडनेसचं, म्हणजे कमी आवाजात बेस वाढवणारं बटण त्यातूनच आलं. आणि फरक अर्ध्या डेसिबलएवढा असेल तर 'मोठा वाजतोय' असं कळतच नाही, 'स्वच्छ वाजतंय, गाणारा पुढं आला' असं वाटतं, माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ हाच.

मन्सननंच १९५० मध्ये गार्डनरबरोबर एबीएक्स पद्धत मांडली: आधी ए आणि बी ऐकायचे, मग एक्स त्यातला कुठला ते फक्त ऐकून ओळखायचं. पुढं अमेरिकेतल्या मिशिगनच्या हौशी लोकांनी त्यासाठी रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) स्विचबॉक्स केला, डेव्हिड क्लार्कचा त्यावरचा पेपर १९८२ चा, आणि कॅनडातले संशोधक लिपशिट्झ-व्हँडरकूय त्याच सुमारास लेव्हल काटेकोर जुळवा म्हणून मागं लागले होते. पुढं ०.१ डेसिबल हा आकडा रूढ झाला, म्हणजे व्होल्टेजमध्ये जेमतेम एक टक्का, तो कानानं जुळवता येत नाही, मीटरच लागतो.

आज डेक गेले पण भानगड तीच. एकाच डॅकचं (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणाऱ्या मशीनचं) आरसीए जोडणीवर आउटपुट २ व्होल्ट आणि एक्सएलआर जोडणीवर ४ व्होल्ट, सरळ ६ डेसिबल जास्त, आणि लोक म्हणतात एक्सएलआर लावलं की सिस्टिम खुलली, नाद खुळा. भावा, आधी टेस्ट टोन (एकाच सुराचा सलग आवाज) लाव, स्वस्त मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या लाइटसाठी केलेला असतो म्हणून १००-२०० हर्ट्झचाच घे, मीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला लाव आणि एकावर २.०० आले तर दुसऱ्यावर १.९८ ते २.०२ च्या आत आण, मग गाणी लाव.