इटलीच्या घाटात भाड्याची गाडी चालवायचीय? मग आधी आयडीपी काढा

डोलोमाइट्सला, म्हणजे उत्तर इटलीतल्या डोंगरांत, जायचं ठरलं की आपण पहिल्यांदा हॉटेलं बघतो, मग पोर्दोई घाटाचे व्हिडिओ बघत बसतो, आणि लायसन्सचा विषय निघतो तो सगळं बुकिंग झाल्यावर, कधीकधी तर निघायच्या आठवड्यात. कृपा करून हे उलट करा. युरोपियन युनियनबाहेरचं लायसन्स असेल तर इटलीत त्याच्यासोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, किंवा लायसन्सचं इटालियन भाषेतलं अधिकृत भाषांतर लागतं. आपलं स्मार्ट कार्ड इंग्रजीत आहे, चालून जातं, असं सांगणारे भरपूर भेटतील, आणि गाडी देणारेही कधीकधी न बघता चावी देतात, पण रस्त्यात पोलिसांनी थांबवलं तर दंड तुम्हालाच होणार आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्यांना आयतं कारण मिळणार.

आयडीपी मिळतं कोणाला, तर ज्याच्याकडे भारतातलं पक्कं, मुदत न संपलेलं लायसन्स आहे त्याला. लर्निंगवर मिळत नाही, आणि लायसन्सवर फक्त टू-व्हीलर असेल तर परमिटवरही फक्त टू-व्हीलरच येणार, त्यामुळे कार्डावर एलएमव्ही (म्हणजे कारसारखी हलकी गाडी) लिहिलंय का ते बघून घ्या. परमिट एक वर्षासाठी असतं, पण लायसन्स त्याआधी संपत असेल तर परमिटही तिथेच संपतं. म्हणून ज्यांचं लायसन्स सहा-आठ महिन्यांत संपतंय त्यांनी आधी ते रिन्यू करून घ्यावं, मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतं. परमिट संपलं की नवीन अर्ज.

अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर होतो. राज्य महाराष्ट्र निवडायचं, लायसन्सच्या सेवांमध्ये जायचं, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की तुमची माहिती समोर येते, तिथे आयडीपी निवडून फॉर्म ४ए भरायचा, कागद अपलोड करायचे आणि १००० रुपये फी भरायची. लायसन्स जुनं पुस्तकाचं असेल आणि पोर्टलवर सापडतच नसेल तर आधी आरटीओत जाऊन त्याची बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवणं, करून घ्यावी लागते, याला वेळ धरा. कागद म्हणाल तर लायसन्स, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि फोटो. मेडिकल सर्टिफिकेट आणि व्हिसाची अट २०२१ च्या जानेवारीत काढून टाकलेली आहे, तरी काउंटरवर कोणी व्हिसा आणि तिकिटाची प्रत मागितली तर वाद घालण्यात सकाळ घालवण्यापेक्षा झेरॉक्स सोबत ठेवलेली बरी. ओरिजिनल दाखवायला बोलावतात का, आणि परमिट हातात देतात की पोस्टाने पाठवतात, हे आपल्या आरटीओत आधीच विचारून घ्या. निघायच्या आदल्या आठवड्यावर हे काम ठेवू नका एवढं नक्की.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. आपल्याकडे लायसन्सवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर मात्र नाव-आडनाव वेगळ्या रकान्यात, कुठे स्पेलिंगमध्ये एक ए जास्त, आणि लग्न झालेल्या बायकांचं तर लायसन्स माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या. माझ्या बायकोचं असंच होतं. अर्ज भरायला बसलो तेव्हा लक्षात आलं, मग आधी मॅरेज सर्टिफिकेट लावून लायसन्सवरचं नाव बदललं आणि मग परमिटचा अर्ज केला, त्यात तीन आठवडे गेले. पण आज मला वाटतं की हे तीन आठवडे घरी गेले ते बरं झालं, कारण तिकडे इटलीत भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर पासपोर्ट, लायसन्स आणि परमिट एकाखाली एक ठेवून त्या मुलीने पेनाच्या टोकाने एकेक अक्षर जुळवून बघितलं, मध्ये एकदा थांबून परत पहिल्यापासून बघितलं, आणि मगच कॉम्प्युटरकडे वळली.

त्याच काउंटरवर आमच्या पुढे एक कुटुंब अडकलं होतं, दोन लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत. गाडी चालवणार नवरा, पण क्रेडिट कार्ड बायकोचं. बहुतेक कंपन्यांना क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं कारण डिपॉझिटची रक्कम त्यावर ब्लॉक करतात, डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आणि त्यांना शेवटी गाडी न घेताच निघावं लागलं. पैसे ऑनलाइन भरले म्हणजे झालं असं नसतं. कार्डाची लिमिट बघा, इंटरनॅशनल व्यवहार सुरू करा, पिन पाठ ठेवा. दुसरा ड्रायव्हर असेल तर त्याचं नाव करारात घाला आणि त्याचंही वेगळं आयडीपी काढा. वय साधारण २१ च्या वर आणि लायसन्सला किमान एक वर्ष झालेलं असं बहुतेक जण मागतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर लवकर बुक करा, तिकडे मॅन्युअल जास्त असतात, आणि पोर्दोईला अराब्बा गावाच्या बाजूने चढताना ३३ वळणं आहेत, २२३९ मीटरपर्यंत, तिथे उजव्या हाताने गिअर टाकायची सवय करणं मला तरी सोपं वाटलं नाही.

ऑस्ट्रियात किंवा स्वित्झर्लंडमध्ये गाडी नेणार असाल तर कंपनीची परवानगी आधी घ्या, शिवाय तिथल्या मोटरवेसाठी विन्येट, म्हणजे टोल भरल्याचं स्टिकर, लागतं. इटलीत १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल डोंगरातल्या बऱ्याच रस्त्यांवर विंटर टायर किंवा साखळ्या सक्तीच्या असतात. आणि शहरात शिरताना झेडटीएलचा, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाचा, बोर्ड दिसला तर आत जाऊ नका, कॅमेरा नंबर टिपतो, दंड काही महिन्यांनी येतो आणि तुमचं नाव पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीवाली कंपनी वर स्वतःची फी लावते.

ताबा घेताना गाडीचे चारही बाजूंनी, चाकांचे, काचेचे फोटो काढा, गाडी बंद पडली तर मागे ठेवायचा त्रिकोण आणि चमकणारं जॅकेट डिकीत आहे का बघा. परमिट एकट्याने चालत नाही, ओरिजिनल लायसन्स सोबत लागतंच, आणि डिजिलॉकरमधलं तिकडे दाखवून उपयोग नाही, त्यामुळे कार्ड पाकिटात आहे ना हे घरातून निघतानाच बघा.