घरची शाळा म्हणजे सहा तासांचं वेळापत्रक?

मुलाला घरी शिकवायचं तर शाळेसारखं अकरा ते पाच बसवावं लागतं, नाहीतर तो मागे पडतो, असा समज पालकांमध्ये वर्षानुवर्षं फिरतो आहे. मग भिंतीवर आठ तासिकांचा तक्ता लागतो आणि महिन्याभरात आईही कंटाळते, मूलही.

मुळात शाळेलाही तेवढं बंधन नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास सांगतो, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. तेही साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक धरून. हजेरी, रांगा, वह्या तपासणं यात जाणारा वेळ घरी लागतच नाही.

रोज हवेत ते वाचन, लेखन आणि गणित. लहान वयात दीड-दोन तासांत होतं. बाकीचे विषय जोडून घ्यावेत. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवकाल आहे. पुरंदरचा तह घ्या: 1665 साली 35 पैकी 23 किल्ले गेले, उरले किती? ते नकाशावर शोधा, त्यावर पाच ओळी लिहा, जमलं तर एखादा चढून या. इतिहास, वजाबाकी, भूगोल, मराठी सगळं त्यातच आलं. (पाय दुखले की व्यायामही.)

बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात. ती इयत्तेचा अंदाज घ्यायला वापरा, धडा क्रमांक एकपासून शेवटपर्यंत रेटायला नको. पुढे परीक्षा द्यायची असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) वाट आहेच.