क्रीप

क्रीप म्हणजे एखाद्या वस्तूवर तिला आरामात पेलेल एवढाच लोड आहे, पण तो कधी काढलाच नाही, वस्तू वर्षानुवर्षं गरमच राहिली, तर ती हळूहळू लांबते, वाकते, फुगते आणि एक दिवस तुटते. लोड काढला तरी मूळ मापावर परत येत नाही. इंजिनिअरिंगला आपण जी टेन्साइल टेस्ट करतो, म्हणजे नमुना तुटेपर्यंत ओढून बघतो, ती काही मिनिटांत उरकते, त्यामुळे तिच्यात हे दिसतच नाही, आणि म्हणूनच नुसता स्ट्रेंथचा आकडा बघून गरम जागेसाठी मटेरियल निवडणारा माणूस हमखास फसतो.

आता गरम म्हणजे किती? तर ते ज्याच्या त्याच्या वितळण्याच्या तापमानावर. ढोबळ हिशोब असा की धातूचं वितळण्याचं तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, त्याच्या ०.३ ते ०.४ पटीच्या वर गेलं की क्रीप धरावाच लागतो. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला म्हणजे ६०० केल्विनला वितळतं आणि आपली खोली साधारण ३०० केल्विनची, म्हणजे शिसं बिचारं घरात बसल्या बसल्याच अर्ध्या वाटेवर असतं. युरोपातल्या जुन्या चर्चच्या छपरांवरचे शिशाचे पत्रे स्वतःच्याच वजनाने खाली सरकलेले दिसतात ते त्यामुळेच. (जुन्या चर्चच्या खिडक्यांची काच खाली जाड असते कारण ती ओघळली, ही मात्र थाप आहे, काच तेव्हा एकसारखी बनतच नव्हती.)

क्रीपचा पद्धतशीर अभ्यास ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ अँड्रेड यांनी १९१० च्या सुमारास केला, तोही शिशाच्या तारांवरच. वेळेप्रमाणे वस्तू किती लांबली याचा ग्राफ काढला तर तीन टप्पे दिसतात. आधी वस्तू भराभर ताणली जाते आणि मग वेग कमी होतो, मधला टप्पा लांबलचक, त्यात वेग जवळजवळ एकसारखा, सगळं आयुष्य बहुतेक इथेच जातं. शेवटी वेग वाढत जातो आणि तुटते. आत काय चालू असतं तर अणूंच्या रांगांमधले दोष, ज्यांना डिसलोकेशन म्हणतात, ते थंडीत अडथळ्यापाशी अडकून बसतात, पण उष्णतेमुळे अणू जागा बदलायला लागले की तेच दोष अडथळा चढून पलीकडे जातात. लोड अगदी कमी असेल तर नुसते अणूच इकडून तिकडे सरकून आकार बदलतात. आणि धातू ज्या बारीक स्फटिकांचा बनलेला असतो त्यांच्या, म्हणजे ग्रेनच्या, सीमांवर बारीक बारीक पोकळ्या तयार होतात, त्या एकमेकींना मिळाल्या की क्रॅक.

आपल्याकडे याचा खरा त्रास थर्मल पॉवर स्टेशनात. बॉयलरमधल्या सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या, ट्यूबमध्ये वाफ साधारण ५४० अंशाला, वर प्रेशर, आणि हे रात्रंदिवस. लार्सन आणि मिलर यांचं १९५२ चं सूत्र आहे, त्यात केल्विनमधलं तापमान गुणिले (२० अधिक तासांचा १० च्या पायाचा लॉग) हा आकडा त्याच स्ट्रेसला कायम राहतो असं धरतात. आता मांडून बघा, ट्यूब ५४० अंशाला १ लाख तास टिकत असेल तर ५५० ला सुमारे ५० हजार आणि ५६० ला फक्त २५ हजार! म्हणजे नुसत्या १० अंशांनी आयुष्य निम्मं. ट्यूबच्या आत स्केल, म्हणजे ऑक्साइडचा थर, साचली की वाफेपर्यंत उष्णता नीट पोचत नाही, धातू तेवढा जास्त तापतो, आणि कंट्रोल रूममध्ये वाफेचं तापमान मात्र नॉर्मलच दिसत राहतं. मग एक दिवस ट्यूब लीकेज आणि युनिट बंद. भारतात १ लाख तास चाललेल्या अशा बॉयलरचं उरलेलं आयुष्य तपासणं नियमानेच सक्तीचं आहे, ते याच्यासाठीच. पाइप न कापता पृष्ठभाग पॉलिश करून त्याचा ठसा घेतात आणि मायक्रोस्कोपखाली पोकळ्या शोधतात.

जेट इंजिनच्या टर्बाइन ब्लेडची गोष्ट याहून भारी. तिथला गॅस ब्लेडच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही गरम असतो, म्हणून ब्लेडच्या आतून हवा खेळवतात, वरून सिरॅमिकचा थर देतात, आणि धातू निकेलचा सुपरअलॉय, म्हणजे खूप गरम असतानाही मजबूत राहणारा मिश्रधातू. एरवी बारीक ग्रेन म्हणजे मजबूत धातू, पण क्रीपमध्ये उलटं, जेवढ्या सीमा जास्त तेवढी पोकळ्यांना जागा जास्त. मग डोकं असं लढवलं की सीमाच नको! साच्याच्या खाली डुकराच्या शेपटीसारखी पिळाची नळी ठेवतात, धातू खालून गोठत वर येताना त्या वळणांतून एकच ग्रेन पुढे जातो आणि अख्खं ब्लेड एकाच क्रिस्टलचं बनतं.

प्लास्टिक, लाकूड, काँक्रीट यांना तर एवढी उष्णताही लागत नाही, पुस्तकांची फळी मधे वाकते किंवा कपड्यांची नायलॉनची दोरी दर दोन महिन्यांनी परत ताणावी लागते ती क्रीपमुळेच. बोस्टनमध्ये १० जुलै २००६ ला बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे पॅनल एका गाडीवर कोसळले, आतली बाई गेली. बोल्ट धरून ठेवणारं इपॉक्सी (चिकटवायचं रसायन) पटकन सुकणाऱ्या प्रकारचं होतं, थोडा वेळ लोड घ्यायला ठीक पण कायम लटकवायला नाही, ते हळूहळू ताणलं जात राहिलं आणि बोल्ट उपसून बाहेर आले.