भोकाचा पैसा गोव्याचा नव्हे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या नाण्यांच्या पथारीवर "पोर्तुगीज काळातलं काय आहे?" असं विचारलं, की मला बहुधा भोकाचा पैसाच दाखवला जातो. काळ पोर्तुगीजांचा, हे खरं. नाणं मात्र इंग्रजांचं.

गोव्याचा हिशेब तांग्यांत चालायचा. (नाव 'टंक'वरून आलं; घोड्याच्या टांग्याशी त्याचा संबंध नाही.) रुपयाचे 16 तांगे, तांग्याचे 60 रेईस. पलीकडे इंग्रजांच्या रुपयाचे 16 आणे, 64 पैसे. म्हणजे तांगा आण्याच्या जागी आणि 15 रेईसचा पाव तांगा पैशाच्या जागी. 1881 पासून तर पोर्तुगालच्या लुईश राजाचा चेहरा असलेली गोव्याची नाणी इंग्रजांच्या कलकत्ता टांकसाळीतच पडू लागली. तांगा, पाव तांगा, नंतर नव्या पोर्तुगीज चलनातली 1958 ची 10 सेंताव्हची चिल्लर, सगळी भरीव. जुन्या चांदीच्या रुपयाला भोक दिसलंच, तर ते सोनाराने गळ्यात घालायला पाडलेलं. संग्राहक अशा नाण्याची किंमत लगेच खाली आणतो.

टांकसाळीतून भोक घेऊन आलेला पैसा 1943 चा. महायुद्धात तांब्याची टंचाई होती, चिल्लर मात्र भरपूर हवी होती. आधीचा पाव आणा, म्हणजे पैसाच, 4.86 ग्रॅमचा, नवा पैसा जेमतेम दोन ग्रॅमचा. मधोमध भोक आल्यावर राजाच्या चेहऱ्याला जागाच उरली नाही, म्हणून नुसता मुकुट. हा पैसा 1947 पर्यंत पडत राहिला. लोकांनी वॉशर म्हणून वापरला, असं जुनी माणसं सांगतात, आणि हातात घेतला की ते पटतं. एवढ्या संख्येने पाडलेला असल्यामुळे आजही तो स्वस्तात मिळतो. हौशी माणूस सालं आणि मुकुटाच्या घडणीतले बारीक फरक जमवतो. फाळणीनंतर पाकिस्तानने भोक ठेवलं आणि मुकुटाऐवजी चंद्रकोर आणली. भारताचा 1950 चा घोड्याचं चित्र असलेला पैसा पुन्हा भरीव झाला.

गोव्यातल्या घरांत भोकाची नाणी यायला दुसरी वाटही होती, आणि मला तीच जास्त आवडते. नैरोबी, मोंबासा, कंपाला इथे कारकुनी किंवा शिवणकाम करायला गेलेल्या गोवेकरांच्या ट्रंकांतून ती आली. इंग्रजांच्या पूर्व आफ्रिकेत भोकाचे सेंट भारताच्या कितीतरी आधी, 1907-08 च्या सुमारास सुरू झाले. दोरीत ओवून कमरेला बांधता येत, अंधारातही हाताला कळत. 10 सेंटच्या नाण्यावर भोकाच्या दोन बाजूंना हत्तीचे सुळे आहेत.

अशा ट्रंकेतून आलेल्या नाण्यांच्या डब्यात 1936 चं साल दिसलं, तर कडेची अक्षरं नीट वाचावीत. इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड त्या वर्षी गादीवर आला आणि डिसेंबरात पायउतार झाला. त्याच्या चेहऱ्याची नाणी चलनात आलीच नाहीत. पण भोकाच्या नाण्यावर चेहरा लागतच नव्हता, नुसतं नाव पुरे. म्हणून पूर्व आफ्रिकेचे 5 आणि 10 सेंट त्याच्या नावाने पडले आणि खर्चलेही गेले. ती फारशी दुर्मीळ नाहीत, म्हणूनच आजोबांच्या डब्यात सापडू शकतात.

सापडलं तर चिंच लावून घासू नका. देवाची भांडी वेगळी, नाणी वेगळी.