डोळ्यासमोरची आर्क आणि कानातलं पाणी

"भाऊजी, त्या चष्म्यात डोळ्यापासून दोन बोटांवर आर्क पेटते म्हणते. पोराचे डोळे जातीन ना हो!"

ही शेजारच्या वहिनींची काळजी. मागून त्यांच्या यजमानांची तक्रार आलीच: "टीव्हीत लोखंड जोडून राहिला हा. असं कुठं वेल्डिंग येते काय?" मुलगा आयटीआयचा वेल्डर ट्रेड संपवून नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत अप्रेंटिस लागला आहे. तिथे सुरुवातीचे काही आठवडे निम्मा दिवस व्हीआर, म्हणजे आभासी दृश्य दाखवणारा, चष्मा लावून सराव करतात. वहिनींचा प्रश्न सोपा, म्हणून आधी तो.

खऱ्या आर्कमधून, म्हणजे वेल्डिंगची कांडी आणि लोखंड यांच्यामध्ये पेटणाऱ्या विजेच्या झोतातून, अतिनील किरण निघतात आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर भाजतो. काम करताना काही कळत नाही. रात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. कामगार त्याला 'आर्क लागली' म्हणतात. चष्म्यातली आर्क म्हणजे मोबाइलसारख्या पडद्यावर उजळलेले पांढरे ठिपके. त्यात अतिनील किरण नसतात. गंमत अशी, की या चष्म्याला घाबरणाऱ्या घरांत खरी आर्क लागली की डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवतात, कच्चं दूध सोडतात. जखमी डोळ्यात जंतू घालायचा याहून सोपा मार्ग नाही. दुखणं बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आपोआप ओसरतं आणि श्रेय बटाट्याला जातं. त्यापेक्षा डोळ्यांचा डॉक्टर गाठावा.

आता यजमानांचा प्रश्न. कांडीच्या वेल्डिंगमध्ये हाताला काय शिकायचं असतं? ३.१५ मिलिमीटर जाडीची कांडी घेतली, तर तिचं टोक आणि लोखंड यांतलं अंतर साधारण तेवढंच, म्हणजे तीनेक मिलिमीटर, राखायचं. पण कांडी जळून सारखी आखूड होत असते. म्हणजे हात एकाच वेळी पुढेही सरकवायचा आणि खालीही आणायचा, तोही ठरलेल्या कोनात, ठरलेल्या वेगानं. अंतर कमी झालं की कांडी चिकटते. वाढलं की आर्क पसरते, ठिणग्या उडतात, बीडमध्ये, म्हणजे जोडावर थिजणाऱ्या धातूच्या पट्ट्यात, छिद्रं पडतात. काळ्या काचेतून दिसतो तो फक्त वितळलेल्या लोखंडाचा चिमुकला डोह. चूक कळते ती स्लॅग, म्हणजे जोडावर जमलेली कवची, ठोकून काढल्यावर, म्हणजे उशिरा. तोवर सरावाची लोखंडी पट्टी भंगारात जमा.

चष्म्याच्या या सराव-यंत्रात, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, हातात कांडी धरायचा होल्डर खराच असतो. काही यंत्रांत कांडी मोटरनं हळूहळू आत सरकते, म्हणजे ती 'जळते'. कोन बिघडला की डोळ्यासमोरचा बाण त्याच क्षणी लाल होतो. चूक आणि तिची जाणीव यांत अंतरच उरत नाही. हा खरा फायदा.

पण या साऱ्याला एक अट आहे: चष्म्यात दिसणारी, प्रत्यक्षात नसलेली पट्टी जागची हलता कामा नये. इथं मला थोडं रेंगाळू द्या, कारण यासारखी सुंदर गोष्ट शरीरात क्वचितच सापडते.

एक प्रयोग करा. हातातला मोबाइल डावी-उजवीकडे झरझर हलवा आणि त्यावरचा मजकूर वाचायचा प्रयत्न करा. अक्षरं पुसट होतात. आता मोबाइल स्थिर धरा आणि 'नाही, नाही' म्हणताना हलवतो तशी मान हलवा. अक्षरं जवळजवळ स्वच्छ दिसतात! डोळ्याच्या दृष्टीनं हालचाल तीच, मग फरक कशानं पडला?

कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत आणि त्यांत द्रव भरलेला आहे. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मात्र मागे रेंगाळतो, वळणावर बसमधले प्रवासी मागे राहतात तसा. त्या दाबानं केसांसारखे तंतू वाकतात आणि डोळ्यांच्या स्नायूंना हुकूम जातो: डोकं उजवीकडे गेलं तेवढे तुम्ही डावीकडे वळा. या मार्गावर जेमतेम तीन चेतापेशी आहेत, म्हणून सगळं सुमारे १० मिलिसेकंदांत उरकतं. नुसत्या नजरेनं हलत्या वस्तूचा पाठलाग सुरू करायला मेंदूला १०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणून हातानं हलवलेला मोबाइल वाचता येत नाही.

चष्म्याची गाठ या घाईच्या यंत्रणेशी आहे. डोकं सेकंदाला १०० अंशांच्या वेगानं वळतंय आणि चित्र ५० मिलिसेकंद उशिरा बदलतंय असं धरा. चूक झाली ५ अंशांची. डोळ्यापासून ४० सेंटिमीटरवर पट्टी असेल, तर ती साडेतीन सेंटिमीटर सरकल्यासारखी दिसेल. सहा मिलिमीटरची बीड घालायची कशी? शिवाय कान सांगतो एक, डोळा सांगतो दुसरंच, की मळमळ सुरू. म्हणून मान वळल्यापासून नवं चित्र दिसेपर्यंतचा वेळ २० मिलिसेकंदांच्या आत आणायची धडपड चालते.

त्यासाठी चष्म्यातही एक 'कान' असतो. सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा सतत थरथरत असतो. डोकं वळलं, की कोरिऑलिस बलामुळे, म्हणजे वळणाऱ्या वस्तूतल्या हालचालीला बाजूला ढकलणाऱ्या बलामुळे, तो आडवाही ढळतो. त्यावरून वळण्याचा वेग मिळतो आणि वेगांची बेरीज करत गेलं की कोन. पण वेगात सेकंदाला अंशाचा शंभरावा भाग एवढीच चूक कायम राहिली, तर बेरजेत तासाभरात ३६ अंशांचा घोळ होतो. म्हणून चष्म्यावरचे कॅमेरे खोलीतल्या स्थिर खुणा बघून हिशेब सारखा दुरुस्त करतात. भरीला पुढच्या काही मिलिसेकंदांत मान कुठं असेल याचा अंदाज बांधून चित्र आधीच काढलं जातं. (हा परिच्छेद जड गेला असेल तर वहिनींसारखं करा, मान डोलवून पुढे चला.)

खोटं यंत्र देऊन खरा हात घडवायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांसाठी आपला पहिला ट्रेनर, म्हणजे जमिनीवरच डोलणारा विमानासारखा डबा, बनवला, तो वडिलांच्या पियानो-ऑर्गन कारखान्यातले भाते वापरून. आपल्या पेटीचा भाता डोळ्यासमोर आणा, तसेच. १९३४ मध्ये सैन्याकडे टपाल वाहण्याचं काम आलं, खराब हवेत वैमानिक मरू लागले, तेव्हा कुठे त्या डब्याची किंमत कळली.

म्हणून 'पंधरा दिवसांत चष्म्यातून एक्स्पर्ट' असली जाहिरात खरी मानायची का? मुळीच नाही. चष्म्याची भिंगं चित्र साधारण दीड-दोन मीटरवर असल्यासारखं दाखवतात, वेल्डर मात्र वीतभर-हातभर अंतरावर बघतो. दोन्ही डोळे जवळ वळतात, डोळ्यातलं भिंग मात्र दूरवर जुळलेलं, त्यामुळे डोळे शिणतात. आणि मे महिन्यात ४५ अंशांत, पत्र्याच्या शेडखाली, चामड्याचं ॲप्रन घालून डोक्यावरचा जोड मारताना मानेवर पडणारी ठिणगी एसीतल्या खोलीत कोण शिकवणार? कोराडीच्या वीज केंद्रातल्या बॉयलरच्या नळ्यांमध्ये जिथं आरसा धरून जोड मारावा लागतो, ती अडचण तर दूरच राहिली.

आयोवा राज्य विद्यापीठात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात निम्मा वेळ आभासी आणि निम्मा खऱ्या पट्टीवर शिकलेले, फक्त खऱ्यावर शिकलेल्यांपेक्षा प्रमाणपत्राच्या चाचणीत सरस ठरले. निम्मा हा शब्द महत्त्वाचा. कारण लाल-हिरव्या बाणाची हाताला सवय लागते आणि बाण गेला की हात पोरका होतो. चांगले सर दोन-तीन दिवसांनी बाणच बंद करून टाकतात.

आमच्या या पठ्ठ्याला चष्म्यात ९२ गुण पडले होते. खऱ्या पट्टीवर पहिल्याच दिवशी कांडी तीनदा चिकटली. "काकाजी, आवाजानंच दचकलो ना," तो म्हणाला. ती पट्टी त्यानं घरी आणली, आणि वहिनींनी ती तुळशीच्या कुंडीखाली टेकवली आहे. दोन्ही टोकांना अंडरकट, म्हणजे बीडच्या कडेला पडलेली खाच, दिसतो. मधली तीन इंच बीड मात्र सरळ आहे, ती त्याचे वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.